धूसर, पण अखंड

जुलैतल्या एका रविवारी, दुपारचं जेवण झाल्यावर, अभिमन्यूनं एका एक्स्टेंशनची चिरफाड करणारा लेख लिहिला. लिहायला त्याला चाळीस मिनिटं लागली. लिहून झाल्यावर तो खुशीत होता.

अभिमन्यू चौतीस वर्षांचा. घराणं साडेतीनशे वर्षांपासून बेंगळुरातलं, वडिलांचं चिकपेटात कापडाचं दुकान, घरात अर्धी कानडी मिसळलेली मराठी. तो स्वतः मात्र बायकोबरोबर, स्मृतीबरोबर, सर्जापूर रोडला एका सोसायटीत राहायचा आणि एका व्हिडिओ कंपनीत चित्राचा दर्जा तपासायचं काम करायचा. सिनेमा नेटवरून घरोघरी जाण्याआधी त्यात कुठे चौकोन दिसतात का, काळ्या रंगात पट्टे पडतात का, धावणाऱ्या माणसाच्या कडा फाटतात का, हे तो दिवसभर बघायचा. त्याची नजर खरोखर तीक्ष्ण होती.

ऑफिस सुटल्यावरही तो हेच करायचा, पण ‘स्क्रीनकट्टा’वर. स्क्रीनकट्टा ही नेटवरची वादाची जागा. चाळीसेक हजार सभासद. कुठल्या ब्राउझरमध्ये व्हिडिओ स्वच्छ दिसतो, कुठला गुपचूप दर्जा उतरवतो, त्रेचाळीस इंची टीव्हीवर फोर-के घेणारा शहाणा की मूर्ख, यावर तिथे रोज रणं माजायची. लोक पडद्याचे फोटो मोठे करून, लाल वर्तुळं काढून चिकटवायचे. शेजाऱ्याला तोंडावर कधी बोलणार नाहीत असे शब्द एकमेकांना लिहायचे. अभिमन्यू तिथे ‘बिटरेट-अभि’ या नावानं लिहायचा. तो शिव्या देत नसे. मोजमापं देत असे. म्हणून त्याचं लिहिणं जास्त लागायचं.

त्या रविवारी त्याच्या तावडीत सापडलं ते ‘हातबोली’ नावाचं एक्स्टेंशन. ब्राउझरला जोडायचा एक छोटा प्रोग्राम, व्हिडिओ कॉलसाठी. त्याची माहिती मोडक्या इंग्रजीत दोन ओळींत होती: चित्र मऊ होईल, हालचाल थांबणार नाही. बनवणाऱ्याच्या नावाच्या जागी तीन अक्षरं आणि खाली एक ईमेल.

अभिमन्यूनं मुद्दाम नेट मंद करून कॉल लावून पाहिला. एक्स्टेंशन नसताना चेहरा काचेसारखा स्वच्छ. एक्स्टेंशन लावल्यावर तोच चेहरा भिजलेल्या साबणासारखा. त्यानं दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि मथळा दिला, ‘तुमचा व्हिडिओ खराब करून देणारं एक्स्टेंशन, तेही फुकट’. शेवटी लिहिलं की हे एक्स्टेंशन प्रत्येक पानाची आणि कॅमेऱ्याची परवानगी मागतं, बनवणारा स्वतःचं पूर्ण नावही देत नाही. ‘हा अडाणीपणा आहे की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा.’

स्मृतीनं त्याच्या खांद्यावरून वाचलं.

“सरी, ठीक आहे, पण हे बनवलंय कुणासाठी, विचारलंस का?”

“ब्राउझरच्या स्टोअरमध्ये ठेवलंय म्हणजे सगळ्यांसाठीच.”

“खाली ईमेल आहे की. स्वल्प थांब, एक ओळ लिहून विचार.”

“प्रत्येकाला पत्र लिहीत बसलो तर झालंच,” तो म्हणाला आणि त्यानं लेख टाकला.

सोमवारपर्यंत दोनशेवर उत्तरं आली. लेखातल्या शेवटच्या ओळीनं आपलं काम केलं होतं. कुणी म्हणालं कॅमेरा चोरतो, कुणी म्हणालं परदेशात डेटा पाठवतो. रघुपती नावाचा एक जुना सभासद होता, त्यानं तक्रारीचा दुवा टाकून लिहिलं, “फक्त चर्चा नको, सगळ्यांनी तक्रार करा.” शेकड्यांनी तक्रारी गेल्या. बुधवारी ‘हातबोली’ चौकशी होईपर्यंत स्टोअरमधून उतरवण्यात आलं, आणि ज्यांच्या ज्यांच्या संगणकावर ते होतं तिथे ते आपोआप बंद पडलं. “एक घाण कमी झाली,” असं कुणीतरी लिहिलं. ते अभिमन्यूनं लिहिलं नव्हतं. पण त्याखाली अंगठा दाबणाऱ्यांत तो होता.

नंतर एका नव्या टीव्हीवरून वाद पेटला आणि तो हे सगळं विसरून गेला.

पाच आठवड्यांनी, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दहीभात खाताना, फोनवर त्याला त्या जुन्या लेखाखाली नवं उत्तर आल्याचं दिसलं. सगळीकडे इंग्रजी आणि मधूनमधून कानडी, आणि खाली हे मराठीत:

“नमस्कार. तुमच्या नावाखाली चिकपेट आणि मराठी असं लिहिलंय म्हणून मराठीत लिहिते. मी रंजिता. बेंगळुरातच, बोम्मसंद्र्याला राहते. हातबोली माझ्या मिस्टरांनी बनवलं होतं. त्यांचं नाव दयानंद. ते जन्मापासून बहिरे आहेत. त्यांचे वडीलही बहिरे होते आणि त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. ते निपाणीजवळ गावाला असायचे. दोघं रोज संध्याकाळी लॅपटॉपवर हातांनी बोलायचे. गावात नेट कमी. नेट कमी पडलं की ब्राउझर चेहरा स्वच्छ ठेवतो आणि हालचाल थांबत थांबत दाखवतो. आपल्याला आवाज ऐकू येतो म्हणून आपलं चालतं. हात थांबले की ह्यांचं वाक्य तुटतं. म्हणून ह्यांनी ते बनवलं. चित्र धूसर झालं तरी चालेल, हात थांबायला नकोत. तुम्ही लिहिल्यावर ते गावाकडच्या लॅपटॉपवरही बंद झालं. परत चालू करून देणारं तिथं कुणी नव्हतं. सासरे आजारी होते. ह्यांना शनिवारी निघायची सुट्टी मिळाली होती. त्याआधीच्या मंगळवारी सासऱ्यांनी ह्यांना चार मिनिटं काहीतरी सांगितलं. ह्यांना ते कळलं नाही. वडिलांना वाईट वाटू नये म्हणून ह्यांनी मान हलवली. गुरुवारी सासरे गेले. एवढंच सांगायचं होतं.”

अभिमन्यूनं चमचा खाली ठेवला. खाली उत्तरं यायला लागली होती. कुणीतरी भाषांतर करून टाकलं होतं. एकानं विचारलं, पुरावा काय. रघुपतीनं लिहिलं, दुःख झालं, पण परवानग्यांचा मुद्दा तसाच राहतो.

पहिला अर्धा तास अभिमन्यूच्या मनातही हेच चाललं होतं. मी फक्त मोजलं. मोजमाप खोटं नव्हतं. काढलं ते स्टोअरनं. त्यांनी माहिती नीट लिहायला हवी होती. गावाकडे दुसऱ्या कुणाला तरी लॅपटॉप दाखवता आला असता. ही सगळी वाक्यं त्यानं मनात रचली, पण एकही टाइप केलं नाही.

ऑफिसातल्या तपासणीच्या खोलीत त्या वेळी कुणी नव्हतं. त्यानं नेटवरून खुणांच्या भाषेतल्या बातम्या काढल्या, आवाज बंद केला आणि गावाकडे जेवढं नेट मिळत असेल तेवढ्यावर ते चित्र कॉलमधून पाठवून पाहिलं. बाईचा चेहरा लख्ख दिसत होता. नाकातली चमकी दिसत होती. हात छातीशी होते, मग एकदम कपाळाशी, मग मांडीवर. मधलं काही नव्हतं. मग त्यानं आपल्या जुन्या चाचणीच्या संगणकावर राहिलेली हातबोलीची प्रत हातानं पुन्हा चालू केली. चेहरा विरघळला, चमकी गेली, साडीचा रंग पसरला. पण हात वाहू लागले. त्याला खुणांमधलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी कुठे वाक्य संपलं आणि कुठे सुरू झालं हे कळत होतं.

जुलैत ही चाचणी त्यानं केलीच नव्हती. तेव्हा त्यानं स्वतःचा चेहरा, न हलता, कॅमेऱ्यासमोर धरला होता.

संध्याकाळी त्यानं स्क्रीनकट्ट्यावर लिहिलं: “माझी चूक झाली. मी चुकीची गोष्ट मोजली आणि न विचारता संशय पसरवला. हे एक्स्टेंशन जे करतं असं सांगतं तेच करतं, मी त्याचा कोड ओळ न् ओळ वाचला आहे, ते काहीही कुठे पाठवत नाही.” त्याच मजकुराचं पत्र त्यानं मोजमापांसकट स्टोअरला पाठवलं. कट्ट्यावर त्याला बरंच ऐकावं लागलं. एका बाईच्या रडण्याला भुलला, असंही एकानं लिहिलं. अकरा दिवसांनी हातबोली पुन्हा स्टोअरमध्ये आलं.

दयानंदला पत्र लिहिणं याहून अवघड गेलं. मोठी मोठी चार पत्रं त्यानं खोडली. शेवटी तीनच ओळी गेल्या: माझ्यामुळे हे झालं. मला भेटायला यायचं आहे. तुमची इच्छा नसेल तर येणार नाही.

सहा दिवस काही आलं नाही. सातव्या दिवशी रंजितानं उत्तर दिलं. “रविवारी अकरानंतर या. ह्यांना तुमच्याकडे एक काम आहे.”

घर बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांमागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खालच्या शेडमध्ये रविवारीही प्रेस चालू होता आणि दर ठोक्याला जिना हलत होता. दार उघडलं ते रंजितानं. तिशीतली, केस घट्ट बांधलेली, बोलणं निपाणीकडचं.

“या. बसा. पाणी घेणार का?”

दयानंद आतून आला. उंच, सडसडीत. गाड्यांचे सुटे भाग तयार करणाऱ्या कारखान्यात तो भाग तपासायचं काम करायचा, संगणकाचं सगळं स्वतःच शिकलेला. त्यानं अभिमन्यूच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. अभिमन्यूला नजर कुठे ठेवावी कळेना. शेवटी त्यानं हात जोडले आणि म्हणाला, “माझं चुकलं.”

रंजितानं ते हातांनी सांगितलं. दयानंदनं ओठांवरून आधीच ओळखलं असावं. त्याचे हात हळू हलले.

“ते म्हणतात,” रंजिता म्हणाली, “चुकलं ते वाचलं मी कट्ट्यावर. लोकांनी तुम्हाला काय काय लिहिलं तेही वाचलं. त्यानं मला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही.”

“त्यांना सांगा...”

“त्यांच्याकडं बघून बोला. मी सांगते.”

अभिमन्यू वळला. “तुम्ही मला माफ करावं असं मी म्हणत नाही.”

दयानंदनं मान हलवली. मग हात पुन्हा हलले, आता भरभर.

“माफीचं राहू दे म्हणतात. तुमचं आधीचं सगळं लिखाण त्यांनी वाचलंय. तीन वर्षांचं. व्हिडिओतलं तुमच्याइतकं कळणारं त्यांना दुसरं कुणी माहीत नाही. म्हणून बोलावलंय.”

दयानंदनं टेबलावरून एक पेन ड्राइव्ह उचलून त्याच्यासमोर ठेवला. हातबोली बंद पडल्यापासून तो वडिलांशी झालेला प्रत्येक कॉल साठवून ठेवायचा, नंतर हळू लावून थोडंफार तरी कळावं म्हणून. त्यात तो मंगळवारही होता.

“मामंजी एकटेच होते त्या वेळी,” रंजिता सांगू लागली. “आत्याबाई, म्हणजे सासूबाई, डेअरीला दूध घालायला गेलेल्या. त्यामुळं ते काय बोलले ते त्यांनाही ठाऊक नाही. यातून काही निघतंय का बघा, एवढंच काम आहे.”

“बघतो,” अभिमन्यू म्हणाला. त्यानं पेन ड्राइव्ह खिशात ठेवला.

दयानंदचे वडील, पिराजी, त्यानं पहिल्यांदा पाहिले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर. दगड घडवणारा माणूस. आयुष्यभराची धूळ छातीत गेलेली. भिंतीला टेकून बसलेले, गळ्यात पांढरा रुमाल, गालाची हाडं वर आलेली. आणि चित्र इतकं स्वच्छ की मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता येत होती. अभिमन्यूला ती तारीख बघवेना.

रेकॉर्डिंग चार मिनिटं दहा सेकंदांचं होतं. सेकंदाला पंचवीस या हिशेबानं त्यात सव्वासहा हजार चित्रं असायला हवी होती. एकसारखी आलेली चित्रं काढून टाकल्यावर वेगळी अशी पाचशे त्र्याऐंशी उरली. बाकीची हरवली नव्हती. गावाकडच्या लॅपटॉपनं ती कधी पाठवलीच नव्हती. जे चित्र निघालंच नाही ते शोधणार कुठे? हे त्याला पहिल्या तासातच कळलं होतं. तरी रोज सकाळी कामाच्या दोन तास आधी तो ऑफिसला जाऊन बसायचा.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं आणखी एक गोष्ट करून पाहिली. त्याच्या कंपनीत जुन्या सिनेमांसाठी एक प्रोग्राम होता. दोन चित्रांमधलं अंतर तो स्वतःच्या अंदाजानं भरून काढायचा. अभिमन्यूनं पिराजींचं रेकॉर्डिंग त्यात घातलं.

निघालेला व्हिडिओ त्यानं घरी आणून स्मृतीला दाखवला. पिराजी बोलत होते. हात कुठेही न अडकता छातीवरून कपाळाकडे, कपाळावरून समोर जात होते, बोटं उघडत मिटत होती. रुमालाची घडीसुद्धा हलत होती. स्मृतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मिळालं की रे सगळं!” ती म्हणाली.

“नाही मिळालं.”

“म्हणजे?”

“दहातलं एक चित्र खरं आहे. मधली नऊ प्रोग्रामनं बनवलीत. हात इथून तिथे गेला एवढंच त्याला माहीत. सरळ गेला, गोल फिरून गेला, मध्ये थांबून काही बोलून गेला, त्याला काय ठाऊक.”

स्मृतीनं डोळे पुसले. “पण त्यांना हे दिसलं तर त्यांना काहीतरी कळेल.”

“कळेल. ते वाचतील. काहीतरी अर्थ लागेलही. आणि वडील असं म्हणाले असं समजून जन्मभर चालतील.”

“अय्यो,” ती हळू म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “देणार आहेस का?”

खरं सांगायचं तर गेले दोन दिवस तो हाच विचार करत होता. हा व्हिडिओ दिला असता तर बोम्मसंद्र्याच्या त्या खोलीत सगळं बदललं असतं. दयानंदनं हात धरले असते. आपल्या हातून झालेलं भरून निघालं, असं अभिमन्यूला स्वतःला म्हणता आलं असतं. कुणालाही कधी कळलं नसतं.

“नाही,” तो म्हणाला, आणि तिच्यासमोरच त्यानं ती फाइल पुसून टाकली.

पुढच्या रविवारी तो पुन्हा बोम्मसंद्र्याला गेला. पाचशे त्र्याऐंशी खरी चित्रं त्यानं आपापल्या जागी, खऱ्या वेळेवर बसवली होती. जिथे चित्र नव्हतं तिथे पडदा काळा ठेवला होता. दयानंदकडे बघत त्यानं सगळं सांगितलं. प्रोग्रामनं काय बनवून दिलं होतं तेही सांगितलं, आणि ते पुसलं हेही.

दयानंद उठून खिडकीशी गेला. पाठ फिरवली की त्याच्याशी बोलायचं संपलं, हे अभिमन्यूच्या ध्यानात आलं. खालच्या प्रेसचे ठोके चालू होते. बऱ्याच वेळानं दयानंद वळला.

“ते विचारतात, ते बघायला कसं होतं?”

“सुंदर होतं,” अभिमन्यू म्हणाला. “खोटं होतं.”

दयानंदनं ती खूण स्वतःशीच एकदा केली, बहुधा ‘खोटं’ ही. मग त्यानं रंजिताला काही सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं.

“पुढच्या शनिवारी गावाला जायचंय आम्हाला. तुम्ही येता का विचारतात. घरातल्या काही खुणा फक्त मामंजींच्या नि आत्याबाईंच्या होत्या. ह्यांच्या जन्माआधीच्या. त्या आत्याबाईच ओळखतील म्हणतात.”

गावातलं घर दगडी होतं, पिराजींनी स्वतः घडवलेल्या दगडांचं. दयानंदची आई, ठकुबाई, ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना ऐकू यायचं. चाळीस वर्षं एका बहिऱ्या माणसाबरोबर संसार केल्यामुळे त्या बोलतानाही हात हलवायच्या.

“ह्यो कोण पावणा?” त्यांनी विचारलं.

दयानंदनं काहीतरी खूण केली. रंजिता म्हणाली, “व्हिडिओचं काम करत्यात ते. बेंगळूरचे.”

तेवढ्यावर निभावलं असतं. दयानंदनं मुद्दामच तेवढं सांगितलं होतं, हे अभिमन्यूला कळलं. तो ओट्याखाली उभा राहिला.

“मावशी, लॅपटॉपवरचं ते बंद पडलं ना, ते माझ्यामुळं पडलं. मी त्याच्याविरुद्ध लिहिलं होतं. कुणासाठी केलंय ते न विचारता लिहिलं.”

ठकुबाईंचा हात शेंगांत थांबला. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे. दयानंदनं मान खाली घातली होती.

“तू आमाला वळखत हुतास?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग कशाचा राग हुता?”

“राग नव्हता, मावशी.”

“राग न्हवता,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “एकदा इचारायचं हुतंस की रं.”

त्या पुन्हा शेंगा फोडू लागल्या. सूप रिकामं झालं. मग पदराला हात पुसून त्या उठल्या. “चल, दाव काय दावायचं ते.”

आतल्या खोलीत, ज्या भिंतीला टेकून पिराजी बसले होते त्याच भिंतीशी, लॅपटॉप ठेवला. अभिमन्यू एकेक चित्र पुढे सरकवत होता. नवऱ्याचा चेहरा दिसला तेव्हा ठकुबाईंनी पदर तोंडाला लावला, पण नजर काढली नाही. दुपारभर हे चाललं. त्या मध्येच “थांब” म्हणायच्या, चित्र बघायच्या, हात तसा धरून पाहायच्या आणि मान हलवून “म्होरं” म्हणायच्या.

पहिली खूण त्यांना सव्वा मिनिटावर ओळखू आली. मुठीवर मूठ. “ही छिन्नी.” मग भुवईला लागलेलं बोट. “ह्यो दया. ल्हानपणी हितं लागलं हुतं त्येला, तवापास्नं ह्येच नाव.” दयानंदनं नकळत स्वतःच्या भुवईला हात लावला. मग नाकाशी चिमूट, म्हणजे त्या स्वतः. मग उताणा तळहात, त्याला त्यांनी बराच वेळ लावला. “ह्येचं दोन हुत्यात. ‘दिऊन टाक’बी हुतंय, न्हाईतर ‘ऱ्हाऊ दे’बी हुतंय. हात खाली जातो का वर जातो त्येच्यावर हाय.”

तिघांनी अभिमन्यूकडे पाहिलं.

“त्याच्या पुढचं चित्र नाही,” तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत तेरा खुणा ओळखल्या गेल्या. त्या तेरांमधून काय होतं, यावर मायलेकांचं एकमत झालं नाही. छिन्न्या कुणाला तरी देऊन टाक, असं ते सांगत होते असं ठकुबाईंना वाटलं. दयानंदला वाटलं, छिन्न्या राहू देत, आईजवळच राहू देत. दोघं हातांनी थोडा वेळ वाद घालत राहिले आणि मग थांबले. रंजितानं चूल पेटवली.

दिवेलागणीच्या आधी दयानंदनं आईला काहीतरी विनवलं. रंजितानं अभिमन्यूला सांगितलं, “बाबा बोलले तसं मला एकदा करून दाखव म्हणतात.”

ठकुबाई त्या भिंतीला टेकून बसल्या. मुलगा समोर बसला. लॅपटॉप मिटलेला होता, त्यांना आता तो लागत नव्हता. दुपारभर एकेक चित्र आणि शेवटी सगळं खऱ्या वेळेत दोन-तीनदा पाहून प्रत्येक खूण कधी येते हे त्यांच्या अंगात बसलं होतं. त्यांनी हात उचलले. मुठीवर मूठ ठेवली. भुवईला बोट लावलं. ते हात त्यांचे होते, पण थोडा डावा खांदा उचलून, मनगट सैल सोडून त्या बोलत होत्या, आणि दयानंदचा श्वास अडकल्याचा आवाज अभिमन्यूनं ऐकला. खुणांच्या मध्ये, जिथे चित्र नव्हतं तिथे, ठकुबाई हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसायच्या. तेवढा वेळ मोजून बसायच्या आणि मग पुढची खूण करायच्या. उताणा तळहात त्यांनी पुढे केला आणि तो खालीही नेला नाही, वरही नेला नाही.

चार मिनिटं झाली. दयानंदनं या वेळी मान हलवली नाही. त्यानं आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. चुलीवर भाकरी करपल्याचा वास आला तशी रंजिता धावली, आणि मग सगळे जेवायला उठले.